देवीदान, कुम्मैत, वय सहा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात
तापीकडच्या दुसऱ्या टेबलावर
पावत्या मी फाडतो.
रंग, वय, भोवरा, देणार, घेणार, रक्कम.
अकरा दत्तजयंत्या झाल्या,
घोड्यावर अजून एकदाही बसलेलो नाही.

समोरच्या मांडवात नुकरा उभा आहे,
पाटीवर एक कोटी अकरा लाख.
त्याला पंखा, गादी, दिवसाला दहा लिटर दूध.
तो विकला जाणार नाही,
विकायला आणलेलाच नाही.
पण त्याला बघून आलेला माणूस
शेजारचं साधं शिंगरू
चार हजार जास्त देऊन नेतो.
बाजार असाच चढतो,
कोणी न घेतलेल्या घोड्यावर बसून.

सोमवारी दुपारी पुण्याचा ट्रक लागला.
फाळका दाणकन पडला
आणि आतली उंच, सडपातळ कुम्मैत
दोर तोडून नाकासमोर सुटली.
वीस-पंचवीस पावलं.
उसाच्या रसाची गाडी आडवी.
मग तीच थांबली, मागे बघू लागली,
बाकीच्या कुठे राहिल्या म्हणून.
‘भडक आहे,’ दलाल म्हणाले,
तिथल्या तिथे दहा हजार उतरले.

कागद इंग्रजीत. मीच वाचून दाखवले.
दीड वर्षाची असताना एकवीस लाखांना घेतली.
धावली सात वेळा, जिंकली एकदा,
त्या एकदाच्या बक्षिसात
तिचा वर्षाचा खुराकही निघाला नाही.
मालक आठ, प्रत्येकी साडेबारा टक्के.
त्यातल्या एकाने अर्धा वाटा साडूला दिलेला.
सव्वासहा टक्के म्हणजे
घोडीचं नेमकं काय येतं?
एक कान? थोडी आयाळ?
डावा पुढचा पाय सुजला तेव्हा
तो कोणाच्या वाट्याला गेला
ते कागदात नव्हतं.

बरेलीच्या मुनव्वर शेठने मान चाचपली,
देवमण नाही. पुढे गेला.
शहाद्याच्या गिरासेंना रेवाल चाल हवी होती,
हिला चालताच येईना, फक्त पळता येतं.

संध्याकाळी अमळनेरची सुपडाबाई आली.
नवरदेवाच्या तीन घोड्या, एक बग्गी,
लग्नाच्या तिथी तोंडपाठ.
दात बघितले नाहीत. मातीत बसली,
सुजका पाय मांडीवर घेतला,
माझा चहा गार होईपर्यंत धरून ठेवला.
‘पाय मोडेल नही. दुखेल शे.’
मग माझ्याकडे वळून,
‘हिना मालक कितला व्हतात?’
आठ, मी म्हणालो. साडू धरून नऊ.
‘नऊ धनी,’ ती म्हणाली,
‘आनि खरारा एकबी नही?’

रुमालाखाली बाईचा हात कसा धरायचा,
रज्जाकभाई अडला.
तिनेच खांद्यावरचा टॉवेल टाकला
आणि त्याची बोटं पकडली.
चार. मूठ. पुन्हा चार.
मग एक, तेही अर्ध्यावर दुमडलेलं.
मला सांगितलं, एक्केचाळीस हजार.
टॉवेलखाली काय ठरलं
ते टॉवेलला ठाऊक.

हिशेब माझ्या डोक्यात उगाच होत राहिला:
एकवीस लाखांतून एक्केचाळीस हजार वजा.
उरलेले कुठे गेले?
कोणी खाल्ले नाहीत, कोणी गाडले नाहीत.
ते एका सकाळी, एका वळणावर,
पायाच्या एका शिरेत होते.

नाव? मी विचारलं.
कागदावर क्वायट डिव्हिडंड.
‘देवीदान?’ ती म्हणाली, ‘ब्येस शे.’
तसंच लिहिलं.
भोवरा: नाही. खोड: आवाजाला बिचकते.

तिचा टेंपो मागे लागला.
पोरगा फाळक्याची कडी काढायला वाकला
तशी घोडीचे कान ताठ,
पाठीवरून एक थरथर, मागचे पाय गोळा.
सुपडाबाईने गाडीतली गोधडी ओढली,
चार पदरी घडी करून
फाळका पडेल तिथे मातीत अंथरली.
‘हयू रे भो, हयू.
आवाज नको होवाले.’

फाळका उतरला.
घोडी तशीच उभी, कशाची तरी वाट बघत.

मी कार्बन सरळ केला.
पुढचा कोण? गाढव का खेचर?